खडे वाजेपर्यंत

आमच्या ह्यांचं मशीनचं ज्ञान डोक्यात नाही, कानात आहे. हे म्हणजे माझे यजमान. अलोऱ्याच्या वीजप्रकल्पात तीस वर्षं फिटर होते. तिथे म्हणे नुसते मशीनघरात शिरले तरी कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. ‘म्हणे’ अशासाठी, की हे मला त्यांनीच सांगितलं आहे. पण गाडीच्या बाबतीत मी स्वतः साक्षीदार आहे. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. देवापुढे हात जोडतानाही ह्यांचा चेहरा इतका भाविक होत नाही.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, वजनाला लोखंडी कपाट. प्रकल्पाच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरसाहेबांची बदली झाली तेव्हा ह्यांनी ती घेतली आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन मी आले. म्हणजे घरात ती मला सीनियर. आता निवृत्त होऊन आम्ही रत्नागिरीत राहतो, मुलगी मुंबईला नोकरी करते आणि गाडी पडवीत पहिल्या मानाच्या जागेवर असते. तिच्यावरून आम्ही गोव्याला गेलो, हंपीला गेलो. शिवाय दर दिवाळीनंतर, रस्ते कोरडे झाले की एक फेरी ठरलेली. पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि दोन-तीन दिवस देशावर हिंडून यायचं.

मागे बसणाऱ्या माणसाचं शास्त्र वेगळं असतं. सपाटीला वाऱ्यामुळे बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा, कमरेला चिमटा म्हणजे मला झोप येतेय, चहा पाजा. घाटात गाडी हळू असते, तिथे मात्र आवाज पोचतो. मी प्राथमिक शाळेतली बाई. गाडी दरीकडे कलली की मला भीती वाटते आणि भीती वाटली की मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणते. एकोणतीसचाच, कारण तो अवघड आहे आणि डोकं त्यात अडकून राहतं. साताला मी हटकून अडखळते. मग पुढून हे मान न वळवता ओरडायचे, “दोनशे तीन!” शिक्षिका मी आणि पाढा पाठ ह्यांना. आंबा घाटाने हे वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे.

ह्यांची टायमिंग लावायची एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लग काढून त्या भोकातून सायकलच्या चाकाची तार आत सोडायची आणि पिस्टन कुठे आहे ते तारेवरून बघायचं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमध्ये पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि तो नेमका केव्हा सुटतो ते पाहायचं. एवढं कुणीही करतं. ह्यांचं कसब त्यापुढचं. टायमिंग जरा पुढे न्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडेल असं करायचं आणि गाडी चढावर घालायची. ठिणगी फारच लवकर पडायला लागली की पिस्टन वर पोचायच्या आत पेट्रोल भडकतं आणि इंजिनातून बारीक आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. “खडे वाजेपर्यंत पुढे न्यायचं, वाजले की केसभर मागे घ्यायचं,” हे सांगायचे. पुस्तकातल्या मापापेक्षा ह्यांचा भरवसा खड्यांवर.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर ह्यांनी नवे पॉइंट बसवले, टायमिंग लावलं आणि भाट्याच्या चढावर फेऱ्या मारून आले. “खडे वाजतच नाहीत,” म्हणाले. “इंजिन अजून पुढे मागतंय.” म्हणून अजून पुढे नेलं. तरी वाजेनात. मग आणखी थोडं. खुशीत होते. म्हातारी तरुण झाली म्हणाले. हे माझ्याबद्दल नव्हतं.

दिवाळी झाल्यावर निघालो. पाली सोडल्यानंतरच्या पहिल्याच चढाला मला स्पष्ट आवाज आला. डब्यात खडे. मी खांद्यावर दोन थापा मारल्या. ह्यांनी गाडी कडेला घेतली.

“अहो, खडे वाजतायत.”

ह्यांनी कान दिला, ॲक्सिलरेटर पिळला. “कसला आवाज गो? काय नाय.”

“उभ्याने नाही वाजत. चढावर वाजतात.”

“तीस वर्षं काढली मी मशीनीत. तू आपली पाढे म्हण.”

झालं. ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. वर्गातल्या शेवटच्या बाकावर कोण पुटपुटतंय ते फळ्याकडे तोंड करून सांगणारी बाई मी, आणि मला आवाज कळत नाही! नाही तर नाही. साखरप्याच्या पुढे इंजिन इतकं तापलं, की चढावर गाडी माणूस चालतो तशी चालायला लागली. एका झाडाखाली तासभर बसलो आणि घाट न चढता परत फिरलो. असं पहिल्यांदाच झालं. परतीच्या वाटेवर मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मग पडवीत गोणपाट पसरलं गेलं. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ झाले. सायलेन्सर काढून आतली काजळी खरवडली. ब्रेक धरून ठेवत असेल म्हणून दोन्ही चाकं उतरली. क्लच प्लेटा बाहेर आल्या, त्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चार दिवस राहिल्या. दर वेळी जोडणी झाली की हे भाट्याच्या चढावर जायचे आणि तापलेली गाडी घेऊन परत यायचे. टायमिंग मागे राहिलं तरी इंजिन तापतंच, असा तर्क लावून त्यांनी ते आणखी दोनदा पुढे नेलं.

आणि मला माहीत होतं. हे मी कबूल करते. रोग कुठे आहे ते मला पालीपासून माहीत होतं आणि मी दोन महिने चहा आणून ठेवत होते आणि रुसवा पोसत होते. विचारतील तेव्हा सांगू, अशी माझी अट. त्यांनी विचारलं नाही.

एके दिवशी फडक्याला हात पुसत हे म्हणाले, “देऊन टाकू या गाडी.” पालीच्या एका दुकानदाराचा तिच्यावर बरीच वर्षं डोळा होता. त्याला ह्यांनी फोन केला होता. तो रविवारी न्यायला येणार होता. “माझ्या हाताला आता कळत नाय गो,” हे म्हणाले आणि आत जाऊन पंख्याखाली पडून राहिले.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. माझी कंबर दुखते. आता बसने जाऊ, खिडकीशी बसू, शेंगदाणे खाऊ. पण संध्याकाळी बघते तर हे स्क्रू ड्रायव्हर, पाने, सायकलची तार, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून बांधत होते. गाडीबरोबर द्यायला. हाताला कळत नाही म्हणून जो माणूस हत्यारं देऊन टाकतो, तो दुसऱ्या दिवशी उठून काय करणार?

शुक्रवारी सकाळी हे शेवटचं म्हणून इंजिनातल्या टॅपेटची टकटक ऐकायला बसले. बोचकं सोडलं, गाडी चालू केली, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. ह्यांच्या मनगटावर एक जुनं आकड्यांचं घड्याळ आहे, रोज सहाला बारीक पिकपिक करतं. पूर्वी ते वाजायच्या आत हे बंद करायचे. गेली दोन वर्षं ते वाजत राहतं आणि मी स्वयंपाकघरातून येऊन बंद करते. निवृत्तीनंतर माणूस आळशी होतो अशी माझी समजूत. त्या सकाळी सहा वाजले आणि ते घड्याळ ह्यांच्या कानाला जवळजवळ चिकटून पिकपिकायला लागलं. हे डोळे मिटूनच होते. म्हणाले, “बघ, किती शांत चाललंय.”

मी दारात उभी होते. हातातली कपबशी मी खाली ठेवली.

म्हणजे पालीच्या चढावर ह्यांनी मला उडवून लावलं नव्हतं. ह्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं. समोरासमोरचं बोलणं पोचत होतं, बारीक आवाज पोचत नव्हते. खडे वाजेपर्यंत पुढे न्यायचं, ही ह्यांची रीत. खडे ऐकू येत नाहीत, म्हणून पुढे, आणखी पुढे. गाडीत बिघाड नव्हताच. आणि हे मी ह्यांना सांगायचं? तुमचा हात शाबूत आहे, पण ज्या कानावर तुम्ही जन्म काढलात तो गेलाय, असं? न सांगावं तर रविवारी गाडी जाणार, आणि हात गेला असं समजून हे उरलेलं आयुष्य बसून राहणार. मी दिवसभर भांडी आपटली. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी म्हटलं, “उद्या गाडी जातेच आहे, तर मला एकदा फिरवून आणा. भाट्याच्या चढापर्यंत.” हे कपडे बदलून आले. बोचकं मी गुपचूप माझ्या पिशवीत घातलं.

भाट्याचा पूल ओलांडला, सुरूच्या बनावरून पुढे गेलो, चढ लागला आणि खडे वाजायला लागले. मी दोन थापा मारल्या. गाडी थांबली. मी उतरून ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सावकाश, मोठ्याने सांगितलं.

“खडे वाजतायत. तुम्हाला ऐकू येत नाहीत.”

“कधीपासून?”

“पालीपासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही पाढे म्हणायला सांगितलंत.”

मी ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबून ते वाजवलं. ह्यांनी ते कानाशी नेलं, मग दुसऱ्या कानाशी.

“वाजतंय?” ह्यांनी मला विचारलं.

“वाजतंय.”

हे रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्यावर बसले. मीही बसले. मला रडू येत होतं, पण रडायची ही वेळ नव्हती. थोड्या वेळाने ह्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “पिशवीत पाने आणलेयस ना? मघाशी पाठीला टोचत होते.”

झाकण उघडून ह्यांनी स्क्रू सैल केला आणि टायमिंग जरासं मागे घेतलं. ठरलं असं, की खडे वाजले की मी पाठीवर बोटाने टिचकी मारायची. पहिल्या फेरीला मी टिचक्या मारून दमले. पुन्हा खाली, पुन्हा स्क्रू, पुन्हा वर. दुसऱ्या फेरीला कमी, तिसरीला वळणावर तेवढ्या दोन-तीन. समोरून येणारा मासळीचा टेम्पोवाला आम्हाला तिसऱ्यांदा बघून हसला. चौथ्या फेरीला एकच टिचकी. मग ह्यांनी केसभर मागे घेतलं. पाचव्या फेरीला माझं बोट हवेत तसंच राहिलं आणि गाडी चढ संपवून सड्याच्या सपाटीवर येऊन थांबली. ह्यांनी इंजिनावरून हात फिरवून बघितला. तापलं होतं, पण इंजिनाने तापावं तितकंच.

“पालीवाल्याला काय सांगायचं?” मी विचारलं.

“सांगू, ऐकायला मागे बसणारी लागते. ती द्यायची नाय.”

मी हसले. हे हसले नाहीत. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या काचेवरची धूळ पुसत राहिले.

“तुला खरं सांगू? गाडी तापते म्हणून द्यायला नव्हती काढली,” हे म्हणाले. “तापली तर दुरुस्त होते. पण तू मागे गप्प बसायला लागलीस. आदल्या वर्षी अख्खा आंबा घाट चढलो नि तू एकदाही पाढा म्हटला नाहीस. मला वाटलं, हिला आता नको झालंय. माझ्यासाठी येऊन बसते.”

आदल्या वर्षी आंबा घाटात मी प्रत्येक वळणावर पाढा म्हणत होते. साताला अडखळत होते आणि पुढून उत्तर येत नव्हतं. मला वाटलं होतं, ह्यांना आता माझ्या पाढ्याचा कंटाळा आला.

“म्हटला होता मी,” मी म्हटलं. “सगळा.”

ह्यांनी मान हलवली. मी आणखी मोठ्याने सांगितलं. मग कळलं, पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. नुसते बघत होते माझ्याकडे.

सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवून आम्ही परत निघालो. उतारावर इंजिनाला जोर लागत नाही, तिथे खडे वाजत नाहीत. समोर खाली खाडी दिसायला लागली, गाडी वळणाला कलली आणि मला नेहमीची भीती वाटली. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. ह्यांच्या पाठीवर बोटाने टिचक्या मारायला लागले. पहिल्या टिचकीला ह्यांनी दचकून गाडी हळू केली. मी मारतच राहिले. सात मारल्या आणि थांबले.

वळण संपेपर्यंत पुढून काही आलं नाही. मग हे मान न वळवता ओरडले, “दोनशे तीन!”