आबांनी निवडलेली टोपली

आबा तांडेलांनी मला बंदरावर कधी ओल्या जागी बसू दिलं नाही. मी आले की ते बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायचे, बर्फाचा रिकामा खोका पालथा घालायचे, त्यावर कोरडं गोणपाट टाकायचे आणि म्हणायचे, "बस हितं. बोटीकडे येऊ नको, पाय घसरंल. टोपली मी आणतंय."

माझं काम तसं कंटाळवाणं. मासेमारीच्या सर्वेक्षणात मी कंत्राटी नोकरीला होते. रत्नागिरीच्या बंदरात आठवड्यातून दोन दिवस जायचं, बोटीवरून उतरलेल्या तारलीची एक टोपली घ्यायची, फळीवर एकेक मासा ठेवून लांबी लिहायची. बोटाएवढी पिल्लं जास्त निघू लागली, तर बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची, जाळी काही आठवडे बंद ठेवायची, असं ठरणार होतं. सगळं त्या आकड्यांवर होतं. टोपली मात्र हाताला येईल ती घ्यायची, कुणी दिलेली नाही, हा पहिला नियम. मला तो तोंडपाठ होता.

पहिल्या दिवशी इतर बोटवाल्यांनी मला जवळ उभंही राहू दिलं नव्हतं. आबाच पुढे आले. "कुठली गो तू?" चिपळूणची, म्हटल्यावर हसले. "म्हणजे नदीची माणसां. तुम्हाला दर्यातला काय कळायचा? ये, मी शिकवतंय." आणि खरंच शिकवलं. अंगठ्याने तारलीचं पोट दाबून गाभोळी, म्हणजे अंडी, आहे का पाहणं, पाण्याच्या रंगावरून माशांचा थवा ओळखणं, हे सगळं त्यांचं. मच्छीमारांच्या सभेत ते उभे राहिले की सगळे गप्प व्हायचे. "पिल्लां माराल तर नातवंडांना काय दर्याचा पाणी पाजाल?" हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. इतकी भारावले होते.

दुपारी त्यांच्या घरी जेवायचा रिवाज पडला. वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, मला तिरफळं घातलेलं तारलीचं कालवण आग्रहाने वाढायच्या. "आकडे लिहून पोट भरत नाय हो बाय," म्हणून आणखी एक भाकरी. चार वर्षं मी त्या घरात लेकीसारखी जेवले.

मग जाळी बंद करायची की नाही, हे ठरवणारी बैठक झाली. आमच्या खात्याच्या साहेबांनी विचारलं, पिल्लं किती? आबा उठले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या बायचे आकडे बघा. चार वर्षां मोजतेय ती. दिसतायत कुठे पिल्लां?" आकडे तसेच होते. बंदी टळली. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मी नेहमी दहाला जायची. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीवरून नऊलाच पोहोचले. आबांची बोट नुकतीच लागली होती. खोका अजून मांडलेला नव्हता, म्हणून सरळ बोटीपाशी गेले. तिथे वहिनी बसल्या होत्या. समोर तारलीचा ढीग, आणि त्यातून विताएवढी तारली वेचून त्या एका टोपलीत टाकत होत्या. उरलेला ढीग, सगळा बोटाएवढा, खलाशी फावड्याने टेम्पोत भरत होते. कोंबडीखाद्यासाठी मासळी दळणाऱ्या कारखान्याचा टेम्पो. वहिनींनी वर पाहिलं. "आज लवकर आलीस, बाय?" एवढंच म्हणाल्या.

आबा बोटीवरून उतरले. मी म्हटलं, "आबा, चार वर्षं?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "जाळी बंद झाली असती तर ह्या खलाशांच्या घरात काय शिजला असता? आणि मी तुझ्याशी खोटा कधी बोललो? टोपली दिली, तू घेतलीस. दुसरी मागितलीस काय कधी?"

त्यांनी फसवलं याचा संताप होताच. पण वहिनी, त्यांचा मुलगा, सून, खलाशी, सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी दर खेपेला मला पान वाढलं जात होतं, हे मला अजून पचलेलं नाही. मी फळी काखेत मारली आणि निघाले.

गेली दोन वर्षं तारली आलेली नाही. आबांची बोट किनाऱ्यावर ओढलेली आहे, असं कळलं. मला वाईटही वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही.

माझे चार वर्षांचे आकडे रद्द करावेत, असं पत्र मी, तो ढीग पाहिला त्याच आठवड्यात, कचेरीला दिलं होतं. कचेरीने लेखी कारण विचारलं होतं. आबांचं नाव लिहायचं म्हणून तासभर बसले, आणि शेवटी लिहिलं, सर्वेक्षकाची चूक. नोकरी गेली. मी त्यांचं नाव लिहिणार नाही, हेही आबांना आधीच ठाऊक असणार.