दर्याकाठचा जावई

मालोजी खडतरेला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनच होती, आणि जुन्या इंदुरातल्या त्याच्या गल्लीला ती पाठ होती. दूधवाला दारात उभा राहिला की हा विचारणार, "भिया, म्हैस झोपेतही रवंथ करते का?" कल्हईवाला आला की त्याच्या भात्यासमोर मांडी ठोकून बसणार. पणजोबा होळकरांच्या पागेत स्वार होते, आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील कापडमिलमध्ये. मालोजीही वडिलांच्या मागोमाग त्याच मिलच्या लूम खात्यात लागला. बिघडलेले माग दुरुस्त करायचं काम. माग का अडला हे शोधताना त्याला तहानभूक आठवत नसे.

त्याच मिलमध्ये मालवणकडचे एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांची भाची कमल मामीच्या आजारपणात हाताशी म्हणून इंदूरला आली आणि मालोजीची बायको होऊन इथलीच झाली. लग्नानंतर मालोजीने तिला पहिलं काय विचारलं असेल, तर दर्याबद्दल.

"दर्या केवढा असतो गं?"

"मोठा."

"मोठा मतलब? सिरपूरच्या तलावाएवढा?"

कमल हसून बेजार झाली. "अहो, पलीकडचा काठ दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे काठ आहे पण दिसत नाही, की काठ नाहीच?"

सुरुवातीला ती उत्तरं द्यायची. मग संसार वाढला, मुलगी अनुश्री झाली, आणि उत्तरं आखूड होत गेली. "पाणी आहे. खारट पाणी. आता जेवा बरं." ती दोन-तीनदा मामाबरोबर माहेरी जाऊन आली, पण मालोजीची रजा आणि तिची वेळ कधी जुळली नाही. एकदा तिचा धाकटा भाऊ श्रीराम इंदूरला आला. त्याच्या पिशवीतल्या सुक्या बांगड्यांचा वास गल्लीभर पसरला आणि शेजारणींनी खिडक्या लावून घेतल्या. मालोजी मात्र श्रीरामला समोर बसवून विचारत राहिला. श्रीराम अबोल माणूस. शेवटी तो म्हणाला, "भावजी, येवा आणि बगा."

बघायला जाणं झालं ते मिल बंद पडल्यावर.

ब्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. शहरातल्या मिल एकेक करून थंड होत होत्या. एके दिवशी मालोजीच्या मिलचा भोंगा वाजला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कोणी टेम्पो चालवायला घेतला, कोणी पोह्यांची गाडी लावली, बरेच जण मिलच्या फाटकासमोर सतरंजी टाकून बसले. मालोजीही बसला. भाषणं ऐकली, घोषणा दिल्या. हळूहळू सतरंजीवरची माणसं कमी झाली. बाजारात नव्या नव्या वस्तू येत होत्या, रंगीत टीव्हीच्या दुकानांत गर्दी होती, आणि मालोजी रिकाम्या हातांनी गावभर हिंडत होता. रिकामे हात त्याला फार जड व्हायचे.

कमल थांबली नाही. तिने खजरान्याला गणपतीच्या देवळाबाहेर हार-दूर्वा आणि लाडवांचं छोटंसं दुकान मांडलं. मालोजी मदतीला बसायचा. पण गिऱ्हाईक आलं की हा विचारायचा, "कुठून आलात? तिकडे पाऊस कसा आहे? गहू कोणता पेरता?" माणूस बोलत बसायचा आणि हार घ्यायचा विसरून निघून जायचा. एक दिवस कमलने हात जोडले.

"अहो, सुनो. तुम्ही जरा श्रीरामकडे जाऊन या. इतकी वर्षं दर्या दर्या करताय, एकदा बघून तरी या."

"आणि दुकान?"

"दुकानासाठीच तर म्हणते आहे."

दसरा झाला आणि मालोजी निघाला. गाड्या बदलत, धूळ खात तिसऱ्या दिवशी सकाळी तो मालवणच्या अलीकडे उतरला. श्रीराम न्यायला आला होता. दोघं चढण चढून माथ्यावर आले. खाली माडांचे शेंडे होते आणि शेंड्यांच्याही वर निळी भिंत उभी होती. मालोजी थबकला.

"श्रीराम, त्या बाजूचं आभाळ असं जाड का दिसतंय?"

"आभाळ खंय, भावजी? दर्या तो!"

मालोजी तिथेच दगडावर बसला. पाणी सपाट असतं, खाली असतं, असं तो आयुष्यभर धरून चालला होता. हे पाणी तर माडांच्या वर उभं होतं आणि सांडत नव्हतं. श्रीरामने विडी संपवली, दुसरी पेटवली, तीही संपवली. मालोजी उठेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो किनाऱ्यावर गेला, तर पाणी पार मागे सरलेलं.

"अरे, पाणी कुठे गेलं?" तो धावत घरी आला.

श्रीरामची बायको रमा अंगण झाडत होती. तिने पदर तोंडाला लावला. "जाता, भावजी. परत येतलां."

भरती-ओहोटी हे शब्द त्याने ऐकले होते, पण खोलीएवढ्या खडकांना उघडं टाकून पाणी निघून जातं आणि परत येतं, हे त्यातून कळलं नव्हतं. त्याने वाळूत काठी रोवली आणि पाणी तिला कधी शिवतं ते पाहत बसून राहिला. जेवायलाही गेला नाही. रमाने भाकरी तिथेच पाठवली. पाणी काठीला शिवलं तेव्हा त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणाला तरी सांगायला हवं होतं. कोणी नव्हतं. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस एकटाच हसला.

गावात रापण होती. रापण म्हणजे साऱ्या गावाचं मिळून एक लांबलचक जाळं. होडीतून ते पाण्यात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. मालोजी पहिले दोन दिवस बघत उभा राहिला, तिसऱ्या दिवशी न विचारताच दोराला लागला. तळहात सोलवटले, पाठ मोडली. जाळं काठाला आलं तेव्हा आतले बांगडे चांदीसारखे उसळत होते. वाटे घातले गेले आणि एक वाटा मालोजीच्या पुढ्यात आला.

"मला कशाला? मी तर पाहुणा."

"दोराक हात लावलो त्येका वाटो," रापणीचा म्हातारा म्हणाला आणि पुढच्या वाट्याकडे वळला.

मालोजी ते मासे ओंजळीत घेऊन बराच वेळ उभा होता. मिल बंद झाल्यापासून त्याच्या हातात कुणी काही ठेवलं नव्हतं.

पंधरा दिवसांसाठी आलेला माणूस दिवाळी झाली तरी हलेना. गावाला वाटलं, मिलमधला माणूस, जाळं झटक्यात शिकेल. तसं काही झालं नाही. जाळं विणत नाहीत, गाठी मारत जातात. मालोजीला ती गाठ जमता जमेना. रमा सोडवायची, हा पुन्हा चुकायचा. होडीतून गेला तर उलट्या करत परत आला. तरी त्याचे प्रश्न थांबले नाहीत. वारा पहाटे जमिनीवरून आणि दुपारी दर्यावरून का येतो? लाट काठावरच का फुटते?

एकदा दोर ओढता ओढता तो पुढे सरकत छातीभर पाण्यात गेला. मोठी लाट आली आणि पायाखालची वाळू गेली. काही क्षण तो नुसता तरंगला. पोहता येत नव्हतं. किनाऱ्यावरून श्रीराम ओरडला, "पाय सुटले तरी चलात, दोर सोडू नका!" मालोजीने दोर घट्ट धरला. लाटेने त्याला उचललं, पुढे नेलं आणि हलकेच खाली ठेवलं. बाहेर येऊन तो वाळूत आडवा पडला. पण रात्री जेवताना श्रीरामला म्हणाला, "यार, उचललं कसं एवढ्या अलगद? आईनेसुद्धा मला इतक्या हळू ठेवलं नसेल." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात गेला.

गावातल्या दुकानात फोन होता. तिथून त्याने कमलला सांगितलं, "तू इकडे ये. इथेच घर करू. तुझंच तर गाव आहे."

मे महिन्यात, अनुश्रीची परीक्षा झाल्यावर, कमल आली. मालोजी तिला सरळ किनाऱ्यावर घेऊन गेला. इतक्या वर्षांनी दर्या पाहून हिच्या डोळ्यांत पाणी येणार, अशी त्याची खात्री होती. कमलने साडी वर धरली, पाय बुडवले, चपलांना लागलेली धूळ धुतली आणि म्हणाली, "चला, चहा घेऊ."

"एवढंच?"

"मतलब? आणखी काय करायचं?"

शेजारच्या बायका तिच्या 'मतलब'ला हसल्या. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर मालोजीने पुन्हा विषय काढला. कमलने पायांना चिकटलेली वाळू झटकली. मग म्हणाली, "तुम्हाला दर्या दिसतो. मला डोक्यावरची पाटी दिसते. पहाटे मासे घेऊन बाजारात चालत जायचं, मानेवरून खारं पाणी गळायचं. बाबांची होडी यायला उशीर झाला की आई याच ओट्यावर बसायची, चूल न पेटवता. इंदूरला मी कुणाची वाट बघत बसत नाही. तिथे माझं दुकान आहे. सकाळी उघडते, संध्याकाळी बंद करते. मी नाही येणार इथे."

मालोजीला हे कधी कळलंच नव्हतं. त्याला वाईट वाटलं आणि नवलही वाटलं. एकच पाणी, आणि दोघांना किती वेगळं. "मग मी पण चलतो," तो म्हणाला.

"कशाला? फाटकासमोर बसायला?" कमल म्हणाली. "तुमचा चेहरा बघितला मी आल्या आल्या. इथे राहा. पावसाळ्यात तशीही रापण बंद असते, तेव्हा घरी या."

तसंच ठरलं आणि तसंच चाललं. पाऊस लागला की मालोजी इंदूरला यायचा, नारळी पौर्णिमा झाली की जायचा. गल्लीत लोक म्हणाले, मालोजी म्हातारपणी घरजावई झाला. काही म्हणाले, नवरा-बायकोचं फाटलं. कमल त्यांना उत्तर देत नसे. ती श्रीरामसाठी डब्यात सेव भरून द्यायची आणि टेम्पोपर्यंत सोडायला यायची. खजरान्याचं दुकान पक्कं झालं, अनुश्री कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागली, तिचं लग्नही झालं. तिकडे मालोजीला जाळ्याची गाठ तिसऱ्या वर्षी एकदाची जमली. रमाने त्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या केल्या.

पुढे कोकण रेल्वे सुरू झाली. यांत्रिक होड्या वाढल्या, रापणीत मासा कमी येऊ लागला, ओढणारे हातही कमी झाले. मालोजी मात्र रोज दोरावर असायचाच. एका डिसेंबरात दुकानातून बोलावणं आलं, इंदूरचा फोन आहे. तो ओल्या कपड्यांनीच धावला.

"अहो, परवा निघते आहे," पलीकडून कमल म्हणाली. "दुकान अनुश्री रजा काढून बघेल. आठ-दहा दिवस राहीन म्हणते."

"दर्या बघायला?"

"तुम्हाला बघायला. आणि आधीच सांगते, सकाळ-संध्याकाळ मला प्रश्न विचारत बसायचं नाही."

"नाही विचारणार," मालोजीने कबूल केलं. मग म्हणाला, "पण कुठल्या गाडीने येतेस? खिडकीची जागा मिळाली का? कुठल्या बाजूची?"