व्हॉल्व्हवरचा बुडबुडा

पंक्चरवाल्या मामांनी बोटावर थुंकी घेतली आणि माझ्या गाडीच्या बसलेल्या चाकाच्या व्हॉल्व्हला चोपडली. मला शिसारी आली. थुंकीला बुडबुडा आला.

"हवा इथनं जातीय साहेब. गाडीत हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागला नाही का?"

लागला होता की. शोरूममधल्या पांढऱ्या हातमोजेवाल्याने चाकाकडे न बघताच "सेन्सर बिघडलाय" म्हणत तो दिवाच बंद करून दिला, आणि मी खूश होऊन त्याच्याशी हात मिळवला. मला दिवा टोचत होता, चाकाचं काय पडलं होतं? महिनाभर याच चाकावर लेकीला हायवेने शाळेत सोडतोय.

मामांनी बोट पँटला पुसलं आणि कामाला लागले. मला आता किळस येत होती ती माझ्याच हाताची.