कुत्र्यांचं गोत्र बघणारी जिजा

शांतारामच्या गुडघ्यावर पहार बसली तेव्हा भर दुपार होती. घरची कुत्री चिमणी बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यापलीकडे उभी राहून नुसती भुंकत होती. केळीचे घड चोरायला आलेले तिघे होते. जिजाचा नवरा शांताराम आडवा गेला, तर एकाने पहार उचलली आणि घातलीच. हाड मोडल्याचा आवाज जिजाला ओटीवर ऐकू आला. ती कोयता घेऊन धावली. एकाच्या खांद्यात कोयता रुतला, रक्त केळीच्या पानांवर उडालं, तेव्हा कुठे तिघे घड टाकून पळाले.

हे ब्याण्णव सालचं. आगाशीच्या खाडीकडच्या त्या वाडीत शांतारामचा पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

"चिमणीला मारू नको," तो खाटेवरून म्हणाला. "इमानी हाय ती."

"इमान घेऊन काय करू? लांबून भुंकते. मला उभा राहनारा कुत्रा पायजे."

उभा राहणारा कुत्रा होता राजोडीच्या रस्त्यावर, बेसिलकडे. बेसिल बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला होता आणि मुंबईहून त्याने कैसर नावाचा अल्सेशियन आणला होता. कैसर कोणाला भीत नसे. पण उन्हाने त्याचा जीव जाई, गोचिडांनी कातडी सडे, आणि दूधवाल्याच्या पोटरीचा त्याने लचका तोडला होता. म्हणून साखळी. जिजाने विचार केला, चिमणीला आजवर कधी साधा ताप आला नाही. हिची कातडी आणि त्याची छाती एका पिल्लात उतरली तर?

ती बेसिलच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काय जिजाबाय, सोयरीक घेऊन आलीस काय?" बेसिल हसला.

"होय तर. मुलगी गावठी हाय, पन घरानं चांगलं."

"नि हुंडा?"

"हुंडा नाय. पयलं पिल्लू तुमचं. पन आधी मी नवरा बघनार."

बेसिलची बायको लुसी हसून हसून दाराला टेकली. पण जिजा खरंच बघत होती. रोज सकाळी येऊन ती कैसरपासून चार हातांवर मातीत बसे. तो साखळी ताणून दात दाखवी, ती हलत नसे. आठव्या दिवशी तिने बेसिलला साखळी सोडायला लावली. कैसर अंगावर आला, तिच्या पदराचा वास घेतला आणि शेजारी बसला.

"हा चावरा नाय," ती म्हणाली. "हा बांधलेला हाय."

पहिल्या वेताला पाच पिल्लं झाली. दोन गेली. एक नर इतका द्वाड निघाला की दूध पितानाच भावाचा गळा धरून हलवायचा. दिसायला तोच सगळ्यांत देखणा. जिजाने त्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन खच्ची करून आणला. लोक हळहळले. "दिसन्याला काय चाटायचंय?" एवढंच ती बोलली.

उरलेली दोन मात्र तिला हवी तशी झाली. पाठीवर काळं खोगीर, एक कान उभा, एक पडलेला, आणि चोर दिसला की भुंकण्याआधी त्याच्या वाटेत येऊन उभी राहणारी. सहा-सात वर्षांत आगाशीपासून राजोडीपर्यंत वाडीवाडीत 'जिजाचा क्रॉस' झाला. बेसिलकडेही होताच.

तिचे नेम होते. दीड महिन्याच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. कुत्री वर्षातून एकदाच विणार. एका वेतातलं एका घरात एकच पिल्लू. आणि गोत्र. कुठलं पिल्लू कोणत्या आईचं, कोणत्या बापाचं, हे तिला तोंडपाठ होतं, आणि सगोत्र ती लावू देत नसे. बाजारात बाया चिडवायच्या, "आगाशीत मानसांच्या पत्रिका जुळंनात, नि ही कुत्र्यांचं गोत्र बघते!" जिजाला राग येत नसे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री उगाच नाहीत, असं ती म्हणे आणि कामाला लागे.

नेम तिने एकदाच मोडला. विरारहून तिच्या भावाचा मुलगा विकी आला आणि एकाच वेतातली वाघ्या आणि सोनी ही दोघं मागू लागला.

"आत्या, एकटं पिल्लू रडतं गं. दोन दे ना. मी काय परका आहे?"

परका नव्हता. लहानपणी तापात तो तिच्याच मांडीवर वाचला होता. तिने दोन दिली.

तेव्हा विरारच्या बाजूने जागांना कुंपणं पडत होती, आणि कुंपणामागे बिल्डरांना कुत्री हवी होती. विकी ती पुरवू लागला. आगाशीच्या रस्त्यालगतच्या एका मोठ्या प्लॉटवर त्याने पत्र्याचे पिंजरे उभे केले. आत्याच्या कानावर आलं तेव्हा तिला आनंदच झाला. पोरगा धंद्याला लागला म्हणायची.

दोन हजार एक साली, एका रविवारी सकाळी, लुसी चर्चमधून मिस्सा आटोपून येत होती. विकीच्या प्लॉटचा पत्रा उचकटून कुत्रा बाहेर आला. भुंकला नाही. त्याने तिला खाली पाडलं, हाताचं मांस मनगटापासून कोपरापर्यंत उतरवलं आणि मग गाल धरला. रस्त्यावरच्यांनी दगड मारून सोडवली तेव्हा तिचा दात गालातून दिसत होता.

अर्ध्या तासात गाव उठलं. "जिजाचा क्रॉस" एवढंच लोकांच्या तोंडी होतं. वाटेतल्या दोन वाड्यांतली तिची कुत्री लोकांनी काठ्यांनी ठेचली. एक तर मरता मरता मारणाऱ्याचा हात चाटत होती. ओळखीचा होता तो. मग सगळे जिजाच्या वाडीवर आले. पुढे बेसिल, शर्टभर लुसीचं रक्त.

वाडीत तिची आठ कुत्री होती. बेसिलच्या हातातल्या सळईसमोर ती ओळीने उभी राहिली. एकही मागे सरली नाही.

"बाजूला हो जिजाबाय. आज एक ठेवनार नाय."

"बेसिलभाऊ, तो कुत्रा कुठंय?"

"प्लॉटवर. आत शिरलाय. कोन जात नाय आत."

"आधी तो मी बघते. माझ्या वंशाचा असंल, तर परत येऊन ही आठी तुमच्या पुढं मीच बांधते. देवाशपथ."

शांताराम ओटीवरून ओरडला, "जिजे, खुळी झालीस काय!" ती निघाली होती. सगळा जमाव तिच्यामागे.

प्लॉटवर विकी कुत्र्याला कोपऱ्यात दाबून साखळीने मारत होता. प्रत्येक फटक्याला कुत्रा किंचाळत होता आणि पुन्हा अंगावर येत होता. तोंडाला फेस, पाठीला जखमा. त्याचे मागचे पाय धावताना एकमेकांत अडकत होते. दोन्ही कान पडलेले. पण पाठीवर काळं खोगीर होतं. पिंजऱ्यांत आणखी सहा. तशीच. खाण्याच्या भांड्यात तिखटाचा लाल थर, कुत्री चवताळलेली राहावीत म्हणून.

"याची आय कोन?" जिजाने विचारलं.

"आत्या, तू जा इथून. एकदम टॉप माल आहे हा. डबल क्रॉस."

"म्हंजे?"

"तुझा क्रॉस, त्यात परत तुझाच क्रॉस. सोनी आणि वाघ्या. ताकद डबल."

"अरे, ती भाऊ-बहीन!"

"मग काय, कुत्र्याला राखी बांधू?" विकी दात विचकून हसला.

जिजाने त्याच्या हातातली साखळी हिसकली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. कपाळ फुटलं. तो खाली बसला आणि "आत्या, आत्या" करू लागला. तिने तिसऱ्यांदाही मारली.

तेवढ्यात कुत्रा तिच्यावर आला. तिने डावा हात पुढे केला. दात हाडापर्यंत गेले. तो हात तिने मागे ओढला नाही, उलट त्याच्या घशात कोंबला आणि गुडघ्याने त्याला जमिनीवर दाबलं. कुत्रा थरथरत होता. इतक्या जवळून तिला त्याचे डोळे दिसले, आणि त्यांत राग नव्हता, नुसती भीती होती.

"बेसिलभाऊ, मारा! मी धरलाय!"

बेसिलने सळई घातली. दोन घावांत कवटी फुटली. मेल्यावरही जबडा सुटेना, तो पहारीने उचकटावा लागला.

जिजा रक्ताळलेला हात पदरात धरून लोकांकडे वळली. "वंश माझा. एका घरात दोन पिल्लं मीच दिली, भावाचा पोर म्हनून. शपथ घातलीय. चला."

कोणी हललं नाही. बेसिल खाली बसला होता, सळई मांडीवर. तो म्हणाला, "तुझी आठ सळईसमोर उभी होती. चावली नाय एक. ती मी मारनार नाय." मग मान वर केली. "पन जिजाबाय, पुढं पिल्लू नको. लुसीच्या गालाकडं बघून सांग, देशील परत?"

जिजाने नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा शांतारामने लावला. भाऊ त्यानंतर भाऊबीजेला आला नाही.

पोटातली इंजेक्शनं संपली तशी जिजाने टेम्पो केला. आठही कुत्री आणि पिंजऱ्यांतली सहा घेऊन, सगळ्यांची नसबंदी करायला, गुरांच्या दवाखान्यात गेली. त्या सहांतल्या चौघांना मागच्या पायांवर उभंही राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना कायमचं झोपवलं. तिने एकेकाचं डोकं मांडीवर धरलं. मग डॉक्टर तिच्या आठांकडे वळले, एक जोडी नीट तपासली आणि म्हणाले, "बाई, ही दोघं वेगवेगळ्या गोत्रांची ना? असं रक्त परत जमायचं नाही. एवढी जोडी तरी राहू दे."

जिजाने नराला उचलून टेबलावर ठेवलं, त्याचा पाय बँडेजच्या हाताने घट्ट धरला आणि म्हणाली, "करा डॉक्टर."