आमच्या लग्नाचं लिहिलंय ना

आज ड्रॉवरमध्ये जुना पेन ड्राइव्ह सापडला आणि आमच्या फ्रीगंजच्या घरातली ती दुपार आठवली. बाबांना जाऊन महिना झाला होता. ते जिथे आपल्या आठवणी लिहायचे ती वेबसाइट बंद पडली होती. याच पेन ड्राइव्हवरच्या माझ्या बॅकअपवरून मी ती पुन्हा उभी केली. आई चष्मा पुसत शेजारी येऊन बसली.

“आमच्या लग्नाचं लिहिलंय ना, ते काढ.”

फोटो उघडला. त्याखाली एक ओळही नव्हती. मी नुसत्या फाइली उतरवल्या होत्या. मजकूर ज्यात असतो तो डेटाबेस घ्यायचाच राहिला होता.

“जाऊ दे बेटा, फोटो तर आला,” आई म्हणाली, आणि मला हायसं वाटलं. ती मलाच सावरत होती, हे आता कळतं. आज आईही नाही. आणि बाबांनी काय लिहिलं होतं, ते मी कधी वाचलंच नव्हतं.