नवख्याची कोंबडी

माझ्या मावशीकडे कोंबडी घ्यायला कोणी पहिल्यांदा आलं ना, की ती त्याला आधी उलट्या टोपलीवर बसवायची. खुर्ची वगैरे नाही. आणि काही न विचारता एक कोंबडी उचलून सरळ त्याच्या मांडीवर. लोक किंचाळायचे! मावशी म्हणायची, "आता गप्प बसा. तिला नाही, तुम्हाला सांगतेय."

हेच तिचं दुकान. घरामागचं अंगण, पत्र्याचं खुराडं, जाळी, खाद्याचं पोतं, बास. लोक फोनवर फोटो घेऊन यायचे, डोक्यावर पिसांचा झुपका असलेल्या गोंडस कोंबड्यांचे. अशीच द्या म्हणे! मावशी फोटो नीट बघायची. "हिला झुपक्यामुळे समोरचं दिसत नाही आणि तुम्हाला कोंबड्यांतलं काही दिसत नाही. दोघं मिळून करणार काय?"

पांढरी लेगहॉर्न अंडी भरपूर देते, पण बादली पडल्याचा आवाज झाला तरी उडून शेजाऱ्यांच्या छपरावर. काळी ऑस्ट्रलॉर्प गरीब गाय, पण काळ्या पिसांना ऊन सोसत नाही. मग उरली लाल. ऱ्होड आयलंड रेड. थंडी चालते, ऊन चालतं, नवीन माणूस एखाद्या दुपारी पाणी ठेवायला विसरला तर फुगून बसते आणि मग माफ करून टाकते. अंडी चालूच. आणि माया लावते. मावशी अगदी गॅरंटी द्यावी तशी सांगायची, "थोडे दिवस जाऊ द्या, तुमच्या मागेमागे फिरेल. मला तर ओळखणारसुद्धा नाही!"

तिची एक युक्ती होती. सुरुवातीला खुराड्यात रोज एकच कपडा घालून जायचं. तिचा स्वतःचा एक मरून स्वेटर होता, कोपरावर भलत्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला. उन्हाळ्यातही तोच. "कोंबडी रोजचं रूप ओळखते. लाजू नका, फॅशन शो नाहीये," असं ती गिऱ्हाइकांना बजावायची.

आता गंमत बघा, गरीब कोंबड्या सगळ्या नवख्यांना द्यायच्या म्हटल्यावर घरात काय उरणार? चोच मारणाऱ्या, भांडकुदळ, कोणालाच नको असलेल्या. काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, घड्याळं दुरुस्त करतात, अगदी हळू बोलणारा माणूस. ते म्हणायचे, "हिने घरात गुंड पाळलेत." एकदा वाऱ्याने उडालेला टॉवेल आणायला ते अंगणात गेले आणि एक चप्पल तिथेच टाकून पळत आले. त्यानंतर मागच्या पायरीच्या खाली पाय ठेवला नाही त्यांनी. ऑम्लेट मात्र चवीने खायचे.

एकच लाल कोंबडी मावशीने कधीच विकली नाही. जाडी. जो येईल त्याला तीच हवी असायची, आणि मावशी म्हणायची, "ती सोडून बोला." दुपारी मावशी दाणे निवडत बसली की जाडी येऊन मांडीत बसायची आणि डोळे मिटायची. कोंबडीची पापणी खालून वर मिटते, माहितीये? मला मावशीनेच दाखवलं होतं.

मग खोकला सुरू झाला. आधी थंडीचा वाटला, मग धुळीचा. शेवटी मोठ्या दवाखान्यात मी सोबत गेले होते. डॉक्टर म्हणाले, पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं कडक होत चाललीत, कोंबड्या बंद. मावशीने पदराशी चाळा करत विचारलं, "एकच ठेवली तर? लांबून दाणे टाकेन."

"एकीच्याही जवळ जायचं नाही."

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "तशी एकटी कोंबडी ठेवूच नये गं चिमणे. झुरते."

गुंडांची टोळी एक पोल्ट्रीवाला घेऊन गेला. जाडी राहिली, आणि तिला सोबत म्हणून दोन लाल तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. जाडीसाठी कितीतरी माणसं आली. हा घाईत बोलतो, ती नखं फार वाढवते, त्यांच्याकडे कुत्रा आहे. कोणीच पसंत पडेना. शेवटी काका चष्मा पुसत म्हणाले, "मी बघतो की."

"तुम्ही?"

"का? मला हात नाहीत?"

"हात आहेत हो. पाय पळतात ना तुमचे!"

ती इतकी हसली की खोकल्याने वाकली. मग तिने काकांना टोपलीवर बसायला पाठवलं, स्वतः बंद खिडकीच्या आत उभी राहिली, आणि जाडीला त्यांच्या मांडीवर ठेवायचं काम माझ्याकडे. काका दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसे ताठ.

मावशी काचेतून ओरडली, "अहो, श्वास घ्या!"

"तिला सांगतेस की मला?"

मग तिने मरून स्वेटर माझ्या हाती बाहेर पाठवला. "हा घाला म्हणावं. तिला वाटेल मीच आहे." घरात येण्याआधी तो पडवीत काढायचा, हातपाय धुवायचे, ही अट.

मी परीक्षेला हॉस्टेलवर परत गेले. सुट्टी लागल्या लागल्या आले, तर फाटकातूनच खुराड्यात वाकलेला मरून स्वेटर दिसला. मला वाटलं मावशी! बरी झाली! मी बॅग तिथेच टाकली आणि पळत सुटले. "मावशी! मावशी गं!"

स्वेटर वळला. काका होते. बगलेत जाडी.

आणि खिडकीच्या काचेआड मावशी, नाकाला ऑक्सिजनची नळी. तिने मला पळताना बघितलं होतं. कुठे बघावं मला कळेना.

आत गेले तर तीच माझी समजूत काढायला लागली. "काकांना कसं जमलंय बघ. घाण काढतात, अंडी काढतात, गप्पापण मारतात. माझ्याशी नाही मारत इतक्या." मग म्हणाली, "थांब." कोंबड्यांना बोलवायला ती आधी वाटीवर चमचा वाजवायची. आता तिने काचेवर अंगठी वाजवली. टक टक टक.

जाडीने मान वर केली. खिडकीकडे बघितलं, मान तिरकी करून, एका डोळ्याने, अगदी नीट.

तेवढ्यात काका टोपलीवर टेकले आणि त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "ये गं जाडे." जाडी वळली, दुडुदुडु गेली, मांडीत चढली.

मावशीचं बोट काचेवर तसंच राहिलं.

"काचेतून ऐकू आलं नसेल गं तिला," मी म्हणाले.

"आलं की. मान वर केलेली बघितली नाहीस?" तिने नळी सारखी केली. "मीच निवडली ना त्यांच्यासाठी. नवख्याला अशीच द्यायची असते." डोळे घळाघळा वाहत होते आणि ती पुसतसुद्धा नव्हती.

मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. "अगं, ऊन तिच्या डोळ्यात जातंय. जा, सांग त्यांना, त्या बाजूला तोंड करून बसा म्हणावं."

मी बाहेर जाऊन सांगितलं. काका टोपली फिरवून बसले. आता खिडकीतून फक्त त्यांची पाठ दिसणार होती. मी मागे वळून बघितलं. मावशीने काचेआडून मान डोलावली, हां, असंच.