डाव्या दाराचं लॉक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस. आलापल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. दिवे फडफडले, हॉर्न आपोआप वाजला, की लोक घाबरतात आणि मी बॉडीला जोडलेली अर्थची वायर घासून घट्ट करतो. कारण सापडलं नाही तरी आमच्या धंद्यात सगळं अर्थवर ढकलता येतं!

मे महिन्यातली दुपार. बायकोला, मंगलाला, मुलचेऱ्याच्या माहेराहून आणत होतो. नुकतीच घेतलेली जुनी व्हॅन. मंगलाला दमा, म्हणून धुळीपायी काचा बंद. सागाच्या जंगलात गाडी एकदम बंद पडली... आणि सगळ्या दारांची लॉकं खाली बसली.

काचा बटणावरच्या, त्या हलेनात. लॉकची खुंटी वर ओढली की पुन्हा खाली. दोन्हीकडे तेच.

"अहो, खालून कोणी ओढून राह्यलं," मंगला म्हणाली.

"कोणी नाई ओढत. अर्थ ढिला झाला, लॉकची मोटर फिरून राह्यली. तू बोलू नको."

सीट उचलून मी बॅटरीचं टर्मिनलच काढलं. करंट नाही तर मोटर फिरेल कशी? टर्मिनल माझ्या हातात — आणि मंगलाने दोन्ही हातांनी धरलेली खुंटी तिच्या बोटांतून हळूहळू खाली गेली.

आत नुसती भट्टी झाली होती. दम्याचा पंप ओढूनही तिला श्वास पुरेना, छातीत शिट्टी वाजत होती.

"मले बाहेर काढा..."

मग तिच्या छातीतली शिट्टी थांबली. शिट्टी वाजते तोवर हवा आत जाते, एवढं मला माहीत होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. चाकाच्या पान्याने मागची काच फोडली, आणि त्याच क्षणी सगळ्या खुंट्या टकटक वर आल्या. टर्मिनल अजून सुटलेलंच होतं.

सावलीत बसवल्यावर बऱ्याच वेळाने तिचा श्वास परतला.

टर्मिनल परत जोडलं तर गाडी सुरू झाली; घरी येऊन सगळं तपासलं. अर्थ एकदम घट्ट. शेवटी तिच्या बाजूच्या दाराचं पॅनेल उघडलं... आत मोटर नव्हतीच. कोणीतरी कधीच काढून टाकलेली. स्क्रूची भोकं गंजलेली, वायरसुद्धा नाही.

"काय झालं होतं हो?" मंगलाने विचारलं.

"अर्थ," मी म्हणालो आणि पॅनेल बसवून टाकलं.

तिने विश्वास ठेवला. मला मात्र आजही काही कळलेलं नाही. ती अजून त्याच सीटवर बसते. ते दार लावायला माझा हात धजत नाही... तीच लावते.